कानातला खडा

माशाला कान असतो आणि कानात एक खडा.
तो काढायचा, राळेत बसवायचा,
हिऱ्याच्या पात्यानं चिरायचा,
मग घासत राहायचं, उजेड आरपार जाईपर्यंत.
लोस्टॉफ्टमध्ये, समुद्राकडे पाठ असलेल्या एका खोलीत
हा माझा धंदा.

इथल्या माशांचं सोपं आहे.
थंडी पडली की वाढ थांबते, एक रेघ उमटते.
मॉरीन कॉफी ढवळता ढवळता मोजते:
सात हिवाळे, आठ, हा म्हातारा बघ.

पण सोमवारी कागदी पुड्यांत चाळीस खडे आले,
विषुववृत्तावरच्या गढूळ नदीतले.
त्यांनी हिवाळा पाहिलेलाच नाही.
मग वय कशावरून, मॉरीन विचारते.
पाणी चढतं आणि उतरतं, मी म्हणते,
रेघ ओढायला तेवढं पुरतं.

अगदी मधला ठिपका
मासा अंड्यात होता तेव्हाचा.
लेझर तिथे टेकवला की पडद्यावर आकडा येतो.
प्रत्येक डोंगर आपला दगड नदीत थोडा थोडा विरघळवतो,
आणि खडा तो विसरत नाही.
खाडीवरच्या बाजारात विकला गेलेला हा मासा
निघाला तीन हजार किलोमीटर वरचा,
डोंगराच्या पायथ्याचा.
आईनं तिथवर चढून अंडी धारेत सोडून दिली.
घरटं नाही, राखण नाही.
पोटाला बलकाची शिदोरी बांधलेली
नखाएवढी पारदर्शक पिल्लं वाहत सुटली.
किती वाटेत संपली, ते कुठल्याच खड्यात लिहिलेलं नसतं.

रात्री बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं.
आम्ही ढिवर, वैनगंगेकाठचे.
बाबा हसले.
"येवढी मशीन कायले लागते?
नदीतली मासोळी पूर आला की काठ सोडून बांधीत घुसते.
थोडकं, कोमट, गवताचं पाणी पायते.
मोठा मासा तिथं येत नाही,
म्हणून लेकरं तिथं ठेवते."
मग जरा थांबून,
"ठेवत होती.
आता धरणाचं पाणी चढते
तं साहेबाच्या हुकमानं चढते.
मासोळीले कोण सांगन?"
मी वहीत लिहून घेतलं. संदर्भाच्या रकान्यात काय लिहायचं
ते सुचलं नाही.

आणि काल पूर्वाचा दात पडला.
टोस्ट खाताना, खालचा, पुढचा.
उशीखाली ठेवायचा, परी नाणं देते, ती म्हणाली.
आमच्याकडे कौलांवर फेकतात, मी म्हणाले.
आपल्या छपरावर सीगल आहेत, ती म्हणाली,
आणि विषय मिटला.

ती झोपल्यावर नाणं ठेवलं, दात उचलला.
पुडी केली, सवयीनं पेन्सिलीनं लिहिलं:
वय सहा. पकडल्याची जागा स्वयंपाकघर.
जन्माचं पाणी

इथे हात थांबला.
माझे दात लहानपणीच घडून बंद झाले.
तेरा वर्षं मी वेव्हनीचं पाणी पितेय,
त्यांनी एक थेंब आत घेतलेला नाही.
पण दुधाच्या दाताचा गाभा पोटात असतानाच घडू लागतो.
बाळाला चुना कमी पडला
की आईची हाडं थोडी थोडी झिजून तो पुरवतात.
म्हणजे त्या तांदळाएवढ्या तुकड्यात, अगदी आत,
कदाचित.

यंत्र पाच मिनिटांत सांगेल.
राळ कपाटात आहे, पातं नवीन आहे.

पुडी कोटाच्या खिशात घेऊन मी आठवडाभर
पुलावरून कामाला जातेय.
पूल वर उचलला की थांबायचं,
खालून एखादी बोट आत येते,
आणि सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघत असतात.